कॉलम खरंच गेलाय का? सी-१८ कॉलमचं चढतं प्रेशर आणि शेपूटवाली पीकं

औषध कंपनीच्या क्यूसीत, म्हणजे गुणवत्ता तपासणी विभागात, एचपीएलसीच्या टेबलाशी माझी अठरा वर्षं गेली. एचपीएलसी म्हणजे औषधातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र. त्यात पंप द्रव (मोबाईल फेज) दाबाने कॉलममधून, म्हणजे बारीक भुकटीने भरलेल्या नळीतून, ढकलतो आणि पुढचा डिटेक्टर प्रत्येक घटकासाठी पडद्यावर एक उंचवटा काढतो, तो पीक. रात्रपाळीत सर्वात जास्त वेळा ऐकलेलं वाक्य म्हणजे, "सर, कॉलम गेला." मग नवा कॉलम इश्यू होतो. तीस-पस्तीस हजारांची ती नळी लागते आणि तिसऱ्या दिवशी तिचीही तीच गत होते. कारण दुखणं बहुतेक वेळा कॉलमच्या आत नसतंच, आसपास कुठेतरी असतं.

खाली लिहिलंय ते नेहमीच्या सिलिका-बेस्ड सी-१८ कॉलमबद्दल, म्हणजे फार्माकोपियात (औषधांच्या अधिकृत मानक-ग्रंथात) ज्याला एल-१ म्हणतात त्याबद्दल. आकडे २५० बाय ४.६ मिमी, ५ मायक्रॉन कॉलमचे, फ्लो १ मिली प्रति मिनिट धरून.

लक्षणं

समोर नेमकं काय दिसतंय ते आधी ठरवा. "पीक शेप खराब" एवढं लिहून काहीच कळत नाही.

- प्रेशर रोज चार-पाच बारने चढतंय, पीकं अजून ठीक आहेत.
- प्रेशर एकाच रनमध्ये झपाट्याने चढलं आणि पंप कट-ऑफला, म्हणजे ठरवलेल्या कमाल दाबाला, बंद पडला.
- सगळ्याच पिकांना शेपूट आहे, म्हणजे पिकाची मागची बाजू लांबट ओढली गेली आहे, अगदी सुरुवातीला येणाऱ्या पिकालाही.
- एकाच पिकाला शेपूट आहे आणि तो रेणू अमाइन (नायट्रोजन असलेला, अल्कधर्मी) आहे. शेजारची पीकं सरळ उभी.
- पीक दुभंगलंय किंवा त्याला खांदा आलाय.
- दर आठवड्याला पीक थोडं लवकर यायला लागलंय.

पहिल्या दोन लक्षणांत बहुधा काहीतरी चोंदलंय. शेवटच्या दोनांत कॉलम झिजला असण्याची शक्यता धरायची, खात्री नव्हे. मधली दोन एकमेकांसारखी दिसतात, पण त्यांची कारणं पूर्ण वेगळी आहेत. चोंदलेला कॉलम बऱ्याचदा परत येतो, झिजलेला येत नाही. पुढची सगळी खटपट या दोघांतला फरक ओळखण्यासाठीच आहे.

अजून एक. सिक्वेन्स (ओळीने लावलेल्या सॅम्पलच्या इंजेक्शनांची मालिका) चालू असताना हे झालं असेल तर पाना हातात घेऊ नका. आधी इन्चार्जला सांगा, लॉगबुकात वेळ टाका. प्रेशर चढलं म्हणून सिक्वेन्स गुपचूप थांबवायचा, फिटिंग हलवायचं आणि "ट्रायल" म्हणून एक इंजेक्शन मारायचं, यातून कॉलम वाचेल कदाचित. ऑडिट ट्रेलमध्ये (संगणकातल्या न पुसता येणाऱ्या नोंदीत) मात्र ते इंजेक्शन कायमचं राहतं, आणि ते कशासाठी मारलं हे दोन वर्षांनी इन्स्पेक्टरला समजावत बसावं लागतं.

फुकटातल्या तपासण्या

पहिली तपासणी नोंदवहीची. आज प्रेशर २१० आहे, बरं, मग पहिल्या दिवशी किती होतं? याच मोबाईल फेजला, याच फ्लोला, याच तापमानाला? हे लिहिलेलं नसेल तर "वाढलं" या शब्दाला अर्थच नाही. मी नवा कॉलम उघडला की त्याच्या डब्याच्या झाकणावर आतल्या बाजूने तारीख, मोबाईल फेज आणि प्रेशर लिहून ठेवतो. रजिस्टरमध्येही लिहितोच, पण मध्यरात्री रजिस्टर कपाटात असतं आणि डबा समोर असतो.

यावरून एक गंमत. दिवसपाळीच्या एका मुलीने घाबरून फोन केला, प्रेशर कालच्या दुप्पट झालंय म्हणून. कॉलम तोच होता, पण प्रॉडक्ट बदललं होतं. काल ॲसिटोनायट्राइल आणि पाणी निम्मंनिम्मं होतं, आज मेथनॉल आणि पाणी. पहिल्याला हा कॉलम ८०-९० बार दाखवतो, दुसऱ्याला १६०-१८०, आणि दोन्ही बरोबर आहेत. मेथनॉल पातळ, पाणीही पातळ, पण दोन्ही निम्मंनिम्मं मिसळली की मिश्रण दोघांपेक्षाही दाट होतं. रसायनशास्त्र शिकलेली माणसंसुद्धा इथे फसतात. तापमानाचंही तसंच. कॉलम ओव्हन बंद राहिला आणि रात्री एसीने खोली गार केली, की द्रव दाटतो आणि प्रेशर वर जातं.

दुसरी तपासणी मोबाईल फेजच्या बाटलीची. बाटली उजेडासमोर धरा आणि हळूच गोल फिरवा. तळातून धुरासारखं काही वर आलं तर ते जंतू आहेत. सहा-सातच्या आसपास पीएच असलेला फॉस्फेट बफर (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण) खोलीच्या तापमानाला दोन-तीन दिवस ठेवला की त्यात वाढ होतेच. ती कधीकधी डोळ्यांना दिसत नाही, पण कॉलमच्या तोंडाशी बसवलेल्या जाळीला, म्हणजे फ्रिटला, नक्की दिसते. पाच मायक्रॉनच्या कॉलमची फ्रिट साधारण दोन मायक्रॉनची असते. म्हणून बफर रोज ताजा करायचा आणि ०.४५ मायक्रॉनच्या मेम्ब्रेनमधून गाळायचा. उरलेल्या जुन्या बफरवर नवा ओतायचा नाही. ही शेवटची सवय आमच्याकडे फार होती. विरजणासारखं आदल्या दिवशीचं थोडं ठेवायचं आणि त्यावर नवं घालायचं. जंतूंना अजून काय हवं?

बाटलीबरोबर बफर कसा बनवला तेही विचारा. पीएच कधी लावला? ऑरगॅनिक (मेथनॉल किंवा ॲसिटोनायट्राइल) मिसळायच्या आधी, नुसत्या पाण्याच्या बफरलाच लावायचा. मेथनॉल घातल्यावर मीटर जो आकडा दाखवतो त्यावर भरवसा ठेवता येत नाही. इलेक्ट्रोड त्या दिवशी कॅलिब्रेट केला होता का? आणि सर्वात महत्त्वाचं म्हणजे बरणी कोणती घेतली? पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट आणि डायपोटॅशियम हायड्रोजन फॉस्फेट, दोन्ही पांढरी, दोन्ही एकाच फळीवर, नावंही जुळ्या भावांसारखी. पहिल्याच्या द्रावणाचा पीएच साधारण साडेचार, दुसऱ्याचा नऊच्या आसपास. त्या "डाय"वर मी पुढे येतो, कारण त्याने आमचा एक कॉलम खरोखर मारला.

दहा मिनिटांच्या तपासण्या

आता प्रेशर नेमकं कुठे अडतंय ते शोधायचं. कॉलमवर आळ घ्यायच्या आधी हे करायलाच हवं, आणि हेच सगळे टाळतात.

मागून पुढे या, म्हणजे डिटेक्टरकडून पंपाकडे. फ्लो चालू असताना कॉलमची बाहेरची बाजू डिटेक्टरपासून सोडवा आणि ती नळी बीकरमध्ये धरा. प्रेशर धाडकन उतरलं तर दोष डिटेक्टरच्या सेलमध्ये किंवा त्याच्या पुढच्या नळीत आहे. नाही उतरलं तर फ्लो थांबवा, प्रेशर शून्यावर येऊ द्या, कॉलम काढा आणि त्या जागी युनियन (दोन नळ्या थेट जोडणारा तुकडा) लावा. आता सिस्टिम एकटी आहे. १ मिलीला दहा-वीस बारच्या आसपास दाखवत असेल तर सिस्टिम ठीक, दोष कॉलममध्ये. युनियन लावूनही ऐंशी-शंभर दाखवत असेल तर कॉलम निर्दोष आहे, त्याला परत डब्यात ठेवा. पुढे ऑटोसॅम्पलर (सॅम्पल आपोआप सोडणारा भाग) बायपास करून पाहा, मग पर्ज व्हॉल्व्ह (पंपातला द्रव कॉलमकडे न जाता बाहेर सोडणारी झडप) उघडून पाहा.

पर्ज व्हॉल्व्हमध्ये बऱ्याच मशिनांत टेफ्लॉनची एक छोटी पांढरी फ्रिट असते. पंपाचं सील झिजलं की त्याची भुकटी तिथे येऊन बसते आणि फ्रिट काळपट होते. पर्ज उघडा, पाणी ५ मिलीने सोडा. तरीही प्रेशर दहा बारच्या वर गेलं तर फ्रिट बदला. काही शे रुपयांची वस्तू आहे. फ्रिट वारंवार काळी होत असेल तर मात्र सील बदलायची वेळ झाली आहे.

गार्ड कॉलम (मुख्य कॉलमच्या आधी लावलेला छोटा कॉलम) असेल तर तो काढून एकदा चालवा. प्रेशर आणि पीक दोन्ही सुधारलं तर नवं कार्ट्रिज टाका आणि पुढे वाचायची गरज नाही. गार्ड कॉलम खराब होण्यासाठीच असतो. "त्याला अजून दोन महिनेच झालेत" ही तक्रार मला कळत नाही. मुख्य कॉलमच्या ऐवजी त्याने मार खाल्लाय.

सॅम्पलकडे बघा

टॅब्लेटचा सॅम्पल म्हणजे नुसतं औषध नव्हे. त्यात मॅग्नेशियम स्टिअरेट असतं, कोटिंगमधलं टायटॅनियम डायऑक्साइड असतं, एचपीएमसीसारखे चिकट पॉलिमर असतात. सॉनिकेटरमधून काढलेला फ्लास्क स्वच्छ दिसतो, पण टायटॅनियम डायऑक्साइडचे कण इतके बारीक असतात की ०.४५ च्या सिरिंज फिल्टरमधूनही काही निसटतात. अशा सॅम्पलला आधी सेंट्रिफ्यूज लावा आणि मग गाळा. पॉलिमरचं वेगळंच. ते फ्लास्कमध्ये विरघळलेले असतात, गाळणीतून आरामात जातात आणि कॉलममध्ये जास्त ऑरगॅनिक लागलं की बाहेर पडून तोंडाशी थर धरतात. रोज चार-पाच बारने चढणारं प्रेशर बहुधा असंच असतं.

पीक दुभंगत असेल तर सॅम्पल कशात विरघळवलाय ते बघा. मोबाईल फेजमध्ये निम्मं पाणी आणि सॅम्पल शुद्ध मेथनॉलमध्ये, असं असेल तर कॉलमच्या तोंडाशी आलेला तो थेंब औषधाला तिथे थांबूच देत नाही. काही भाग पुढे पळतो, काही मागे राहतो. सुरुवातीची पीकं दुभंगतात, उशिरा येणारी बरी असतात. सॅम्पल मोबाईल फेजमध्येच पातळ करून मारा, किंवा इंजेक्शन २० ऐवजी ५ मायक्रोलिटर करून बघा. पीक एकसंध झालं तर कॉलमचा काही दोष नाही.

शेपूट असेल तर सॅम्पल दहापट पातळ करा. शेपूट कमी होऊन पीक किंचित उशिरा आलं, तर कॉलमवर तुम्ही त्याला झेपेल त्याहून जास्त माल टाकत होता.

(जीएमपीत, म्हणजे औषधनिर्मितीच्या नियमांत, हे सगळं मंजूर प्रोटोकॉलखाली, स्टँडर्डवर, म्हणजे प्रमाणित नमुन्यावर, करायचं. बॅचच्या सॅम्पलवर प्रयोग नाहीत.)

पाना हातात घेऊन

सगळ्याच पिकांना शेपूट आहे आणि लवकर येणाऱ्यांना जास्त, तर नव्वद टक्के लक्ष फिटिंगवर ठेवा. रेणू कोणता आहे याच्याशी त्या शेपटीचं देणंघेणं नसतं. कुठेतरी एक छोटीशी पोकळी आहे आणि तिथे द्रव घुटमळतोय.

नळी कॉलमच्या तोंडात तळापर्यंत टेकली पाहिजे. स्टीलचं फेरूल (नळीभोवतीचं शंकूसारखं कडं) एकदा आवळलं की नळीवर कायमचं बसतं आणि त्याच्यापुढे नळीचं किती टोक उरलं ते ठरून जातं. प्रत्येक कंपनीच्या कॉलमच्या तोंडाची खोली सारखी नसते. एका कॉलमवर बसवलेलं फिटिंग दुसऱ्यावर लावलं की एकतर टोक आखूड पडतं आणि पोकळी राहते, नाहीतर लांब पडतं आणि गळतं. पीक नळी हाताने आवळायच्या फिटिंगसह वापरलीत (इथे पीक म्हणजे प्लॅस्टिक, नावांची ही गंमत आमच्या क्षेत्रात रोजची) तर हा प्रश्न बराच कमी होतो.

काही वर्षांपूर्वी आमच्याकडे लागोपाठ दोन कॉलम "टेलिंग" (शेपूट) म्हणून कंडेम, म्हणजे बाद, झाले. तिसऱ्यालाही शेपूट आली तेव्हा मी नळी काढून टोक भिंगाखाली धरलं. कोणीतरी ती नळी ब्लेडने कापली होती, तिरकी. कडेला केसाएवढी कूस राहिली होती आणि टोक एका बाजूने टेकत होतं, दुसऱ्या बाजूने नाही. टय़ूब कटरने पाच मिलिमीटर कापून नळी परत लावली. टेलिंग फॅक्टर (शेपटीचं माप, सरळ पिकाला १) १.९ वरून १.२ वर आला. आधीचे दोन्ही कॉलम तोपर्यंत स्क्रॅपला गेले होते.

पाणी आणि वेळ खर्चून

इथपर्यंत सगळं ठीक निघालं आणि दोष कॉलममध्येच आहे असं ठरलं, तर धुवायला घ्या. धुण्याचा क्रम चुकला तर बरा कॉलमही आजारी पडतो.

पहिला नियम असा की बफरवरून थेट शुद्ध ॲसिटोनायट्राइलवर जायचं नाही. फॉस्फेट पाण्यात विरघळतं, ॲसिटोनायट्राइलमध्ये नाही. आमच्या एका ट्रेनीने साप्ताहिक सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी घाईत नेमकं हेच केलं. मी पलीकडच्या मशिनवर होतो, स्क्रीन दिसत होती. १५०, १८०, २४०, ३१०, आणि मग पंपाचा अलार्म. तो पोरगा इतका पांढरा पडला की आधी त्यालाच पाणी द्यावं लागलं. पण मीठ पाण्यात विरघळतं, म्हणजे आशा होती. कॉलम डिटेक्टरपासून सोडवला, ओव्हन चाळीस अंशांवर ठेवला आणि दहा टक्के मेथनॉल घातलेलं पाणी ०.१ मिलीने सोडलं. तासाभराने ०.२. सकाळी १ मिलीला प्रेशर जवळपास पहिल्या दिवसाइतकं आलं होतं. तो कॉलम पुढे आठ महिने चालला.

क्रम असा ठेवा. आधी बफरशिवाय त्याच प्रमाणातलं मिश्रण, किंवा ९० टक्के पाणी आणि १० टक्के मेथनॉल. या कॉलमच्या आत मोकळी जागा अडीच ते तीन मिली असते, म्हणून वीस पट धरून ५० ते ६० मिली जाऊ द्या, साधारण तासभर. मग निम्मंनिम्मं. मग शुद्ध मेथनॉल किंवा ॲसिटोनायट्राइल, तेही तेवढंच. तेलकट, चिकट काही बसल्याचा संशय असेल तर त्यापुढे आयसोप्रोपेनॉल. पण ते दाट आहे, फ्लो ०.२-०.३ वर आणा, नाहीतर तेच प्रेशर चढवेल. परत येताना पायऱ्या उलट्या क्रमाने.

नुसतं पाणी मी देत नाही, कमीत कमी पाच-दहा टक्के ऑरगॅनिक ठेवतो. साध्या सी-१८ ला शंभर टक्के पाणी मानवत नाही. फ्लो थांबला की त्याच्या बारीक छिद्रांतून पाणी बाहेर फेकलं जातं आणि दुसऱ्या दिवशी पीकं कुठल्या कुठे लवकर येतात. पाहणाऱ्याला वाटतं कॉलम झिजला. तसं नसतं, छिद्रं कोरडी पडलेली असतात. साठ टक्के मेथनॉल अर्धा तास दिलं की ती परत भिजतात. "पीक लवकर येतंय" या लक्षणावर कॉलम टाकून देण्याआधी एवढं जरूर करा.

धुऊनही प्रेशर उतरलं नाही तर शेवटचा उपाय उलट्या दिशेने धुण्याचा. आधी कॉलमसोबत आलेला कागद वाचा. काही कॉलमच्या दोन टोकांच्या फ्रिट वेगळ्या असतात आणि उत्पादक उलटं लावायला मनाई करतो. परवानगी असेल तर कॉलम उलटा लावा, बाहेरचं टोक बीकरमध्ये सोडा. डिटेक्टरला अजिबात जोडू नका, नाहीतर कॉलमची घाण सेलमध्ये जाईल. अर्ध्या फ्लोने अर्धा तास. तोंडाशी अडकलेले कण आले वाटेने मागे जातात, म्हणून हा उपाय चालतो. मग कॉलम परत सुलटा लावून तपासा. प्रेशर उतरलं पण दोन दिवसांत परत चढलं, तर सॅम्पलच्या भागाकडे परत जा. कचरा अजून येतोच आहे.

आता खुद्द कॉलम

हा भाग समजला की बाकीचं आपोआप समजतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

बुटांच्या खोक्यात निघणारी "खाऊ नये" लिहिलेली पुडी असते ना, ती सिलिका जेलची. कॉलममध्ये त्याच जातीचा माल असतो, फक्त फार शुद्ध, गोल आणि एकसारख्या आकाराचा. एका ग्रॅमला साधारण ३०० चौरस मीटर पृष्ठभाग. आपल्या कॉलममध्ये असा अडीच ग्रॅमच्या आसपास माल बसतो, म्हणजे त्या वीतभर नळीत पाच-सहा कबड्डीची मैदानं घडी घालून ठेवलेली आहेत.

या सगळ्या पृष्ठभागावर सिलेनॉल (सिलिकॉनला जोडलेले ओएच) गट असतात, एका चौरस मीटरला साधारण ८ मायक्रोमोल. त्यांच्यावर सी-१८ च्या अठरा कार्बनच्या लांब साखळ्या बांधतात. पण त्या साखळ्या जाड, एकमेकींना खेटतात, त्यामुळे निम्म्या सिलेनॉलनाही साखळी मिळत नाही. उरलेल्यांपैकी काहींवर एंडकॅपिंग करून छोटी टोपी घालतात. तरीही बरेच उघडे राहतात. ज्वारी काढल्यावर रानात धसकटं राहतात तसे. वरून पाहिलं तर रान मोकळं, अनवाणी चाललं की कळतं.

अमाइन असलेले रेणू या धसकटांत अडकतात. पीएच चारच्या वर गेला की उघड्या सिलेनॉलवर ऋण भार येऊ लागतो, अमाइनवर धन भार असतोच. काही रेणू सरळ जातात, काही अडखळत येतात, आणि ती उशिरा येणारी रांग म्हणजे शेपूट. म्हणून एकाच पिकाला शेपूट असेल आणि शेजारची सरळ असतील, तर पाना ठेवून द्या. हे फिटिंगचं काम नाही, रसायनाचं आहे.

ॲम्लोडिपिनचं उदाहरण घ्या. त्याच्या फार्माकोपियातल्या पद्धतीत लिटरला ७ मिली ट्रायइथाइलअमाइन घालून फॉस्फोरिक ॲसिडने पीएच ३.० वर आणतात. पीएच ३ ला बहुतेक सिलेनॉल भाररहित राहतात, आणि जे उरतात त्यांना ट्रायइथाइलअमाइन आधी जाऊन बिलगतं, औषधाला जागा ठेवत नाही. एकदा अचानक शेपूट वाढली तेव्हा ट्रायइथाइलअमाइनची बाटली काढून पाहिली. पिवळी झालेली, वर्षापूर्वी उघडलेली. नवी बाटली, नवा बफर, तासभर कंडिशनिंग, आणि शेपूट गेली. सिलिकामध्ये लोह, ॲल्युमिनियमसारख्या धातूंचा अंश जास्त असेल तर सिलेनॉल अधिक आम्लधर्मी होतात. जुन्या पद्धतीच्या सिलिकावर म्हणूनच हा त्रास फार होता, अलीकडच्या अतिशुद्ध सिलिकावर तो कमी आहे. एल-१ लिहिलेले दोन कॉलम सारखे वागत नाहीत त्याचं हेही एक कारण.

आता झिजणं. ते दोन टोकांना होतं. पीएच २ च्या खाली, विशेषतः गरम ओव्हनमध्ये, सी-१८ च्या साखळ्या सिलिकापासून तुटून वाहून जातात. पिकं दर आठवड्याला लवकर येऊ लागतात आणि त्याच वेळी अमाइनची शेपूट वाढते, कारण धसकटं उघडी पडतात. पीएच ८ च्या वर साखळ्या राहतात पण खालची सिलिकाच विरघळते. फॉस्फेट बफर आणि चाळीसच्या वरचं तापमान या दोन्ही गोष्टी ते काम जलद करतात.

तो "डाय" फॉस्फेटवाला किस्सा इथला. पद्धतीत पीएच लावायची पायरी नव्हती, नुसतं "०.०२ मोलर पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट" होतं. चुकून दुसरी बरणी उचलली गेली आणि पाच दिवस, ४५ अंशांना, तो बफर चालला. सहाव्या दिवशी प्रत्येक पिकाची दोन पिकं झाली. प्रेशर? नेहमीपेक्षा जराही जास्त नाही. प्रेशर ठीक म्हणून दोन दिवस कोणी कॉलमकडे पाहिलंच नाही. कंडेम झाल्यावर मी शिकवायला म्हणून त्याचं तोंड उघडलं. आतली पांढरी भुकटी कडेपासून दोनेक मिलिमीटर खाली बसलेली, एका बाजूला जास्त. विहिरीचं पाणी उन्हाळ्यात खाली जातं तशी. त्या खड्ड्यात प्रत्येक थेंब दोन वाटांनी शिरत होता.

हे न उघडता ओळखायचं असेल तर कॉलमच्या डब्यातला चाचणी अहवाल काढा. त्यात युरॅसिल, टोल्युइनसारख्या साध्या पदार्थांचं क्रोमॅटोग्राम (पिकांचा आलेख), प्लेट्स (कॉलमच्या वेगळं करण्याच्या क्षमतेचं माप) आणि मोबाईल फेज दिलेलं असतं. तेच मिश्रण, तीच मोबाईल फेज, तोच फ्लो ठेवून चालवा. चांगल्या अवस्थेत असा कॉलम १५,००० च्या वर प्लेट्स देतो. साध्या उदासीन पदार्थांची पिकंसुद्धा दुभंगली असतील तर बिछाना, म्हणजे आतला भुकटीचा थर, खचलाय. ती नीट आहेत आणि फक्त तुमच्या औषधाला शेपूट आहे, तर बफर आणि पीएचकडे परत जा. आणि त्याच पद्धतीला नवाकोरा, दुसऱ्या लॉटचा कॉलमही तीच शेपूट देत असेल तर जुन्याला दोष देऊ नका, पद्धतच त्या औषधाला पुरेशी नाही.

इथे थांबा

कॉलमचं टोक उघडून आत भुकटी भरायचा प्रयत्न करू नका. जुन्या लोकांनी मोठ्या कणांच्या कॉलमवर हे केलंय, मीही पाहिलंय. पण आजचे कॉलम कारखान्यात शेकडो बारच्या दाबाने भरलेले असतात. चमच्याने भरलेल्या जागी तो घट्टपणा येत नाही, आणि उघडताना होती ती भुकटीही हलते. मी तो कॉलम उघडला तो मेल्यावर, शिकवण्यासाठी.

उलटं धुणं दोनदा करून झालं आणि प्रेशर उतरलं नाही, तर तिसऱ्यांदा करू नका. कॉलमच्या कमाल दाबाची मर्यादा ओलांडून "जोर लावून साफ करणं" तर कधीच नाही. बिछाना दबतो आणि होता तोही जातो.

युनियन लावूनही प्रेशर वरखाली नाचत असेल, पंपाच्या डोक्याखाली ओल दिसत असेल, पिकाच्या क्षेत्रफळात रनमागे रन फरक पडत असेल, तर चेक व्हॉल्व्ह, सील किंवा रोटर सीलचं काम आहे. तिथे सर्व्हिस इंजिनिअरला बोलवा. त्याला फोनवर एवढं तयार ठेवा: युनियनवरचं प्रेशर, पर्ज उघडून ५ मिलीला असलेलं प्रेशर, सील शेवटचं कधी बदललं, आणि मागच्या दहा दिवसांचे प्रेशरचे आकडे. हे हातात असलं की तो योग्य सुटे भाग घेऊन येतो, नाहीतर पहिली फेरी नुसती बघण्यात जाते.

नव्या कॉलमवरही शेपूट राहिली तर ॲनालिटिकल डेव्हलपमेंटकडे, म्हणजे तपासणीच्या पद्धती बनवणाऱ्या विभागाकडे, जा. पीएच बदलणं, वेगळ्या सिलिकाचा कॉलम निवडणं, हे निर्णय रात्रपाळीत टेबलावर घ्यायचे नसतात, भले तुम्हाला उत्तर माहीत असो. आणि एखाद्या बॅचचा निकाल या गोंधळात सापडला असेल तर क्यूएला (गुणवत्ता हमी विभागाला) त्याच दिवशी कळवा.

कॉलम खरंच गेला असं ठरलं तर रजिस्टरमध्ये कारण लिहा. नुसतं "टेलिंग" नव्हे, कोणत्या तपासणीत काय निघालं तेही. मग दोन्ही टोकांना लाल टेप गुंडाळा आणि कॉलम त्याच्या डब्यात परत ठेवू नका. डबा वेगळा, कॉलम वेगळा. आमच्याकडे एक मेलेला कॉलम डब्यात नीट ठेवलेला राहिला होता, आणि चार महिन्यांनी दुसऱ्या पाळीत कोणीतरी तोच काढून लावला. रात्री दोनला फोन आला. "सर, कॉलम गेला."